खरवसाचा डबा आणि चार पानी सल्ला

भिंगारहून श्रीगोंद्याकडे निघालो तेव्हा माझ्या मांडीवर रिकामा डबा होता आणि चेहऱ्यावर कृषितज्ज्ञाचं तेज. धाकट्या बहिणीची, शालनची, गाय व्यायली होती. सौ.नं खरवस आणायला धाडलं होतं. मी मात्र माझ्या सल्ल्याची फळं पाहायला चाललो होतो. कारकुनी करता करता एका मासिकातला सेंद्रिय शेतीवरचा लेख वाचून मी दाजींना चार पानी पत्र लिहिलं होतं. आमच्या कुंडीतली तुळससुद्धा माझ्या हातून जगत नाही, एवढंच त्यात लिहायचं राहिलं.

एसटीनं डब्याचं झाकण दोनदा पुढच्या सीटखाली पाठवलं. फाट्यावर उतरलो आणि उसामधून मळ्यापर्यंत चालत गेलो.

दाजींनी पत्र तंतोतंत पाळलं होतं. शेणखत, फवारणी बंद, उसाचं पाचट रानातच कुजवलेलं. माती भुसभुशीत, बैल तुकतुकीत. माझी छाती फुगू लागली, तेवढ्यात गाय दिसली.

ती बसून होती. मान पोटाकडे वळलेली, कान गार. शालन तिची पाठ गोणपाटानं चोळत होती.

"दादा, सकाळधरनं उठंना बघ. एवढी एकच दुभती हाय रे आमची."

दाजी एसटीडी बूथवरून फोन करून आले होते. जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले आणि त्यांनी गाईच्या मानेच्या शिरेत हळूहळू कॅल्शियमची बाटली सोडली.

"खायला काय घालता?"

"सगळं सेंद्रिय," दाजी म्हणाले. "घरचं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) नि कडबा. पुडीतलं कायबी न्हाई."

"खनिजाची भुकटी?"

"रसायन म्हून बंद केली."

"चारा झकास आहे, सोडू नका. पण वाढं सेंद्रिय असलं तरी जनावराच्या अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी करतंच. त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, भुकटी सुरू करा. हे बंद करायला सांगितलं कुणी?"

मी गोठ्याचे पत्रे मोजू लागलो. दाजी माझ्याकडे बघत राहिले.

शालन मान वर न करता म्हणाली, "हाय एक नगरकडचा शाना. पत्रं लई चांगली लिवतो."

अर्ध्या तासानं गाईनं कान हलवले, ढेकर दिला, मागचे पाय सावरले आणि ती उभी राहिली. शालननं पदर डोळ्यांना लावला. मीही चष्मा पुसला. गोठ्यात धूळ फार.

"आज सगळं दूध पिळू नका," डॉक्टर बजावून गेले. वासराला पाजून चीक उरला नाही. खरवस संपला.

जेवताना दाजी म्हणाले, "पावणं, आता कोंबड्यांचं काय करावं म्हनता?"

मी चटणीची तारीफ केली.

निघताना शालननं डबा हातात दिला. हलका लागला, पण बहीणच ती, रिकामा कशी देईल? परतीच्या एसटीत ठरवलं, की ज्या जनावराचं शेण आपण काढत नाही, त्याच्या आहाराच्या भानगडीत पडायचं नाही. झाकण मात्र घट्ट धरून बसलो.

घरी सौ.नं मोठ्या आशेनं डबा उघडला. आत माझंच पत्र होतं, नीट घडी घातलेलं. पहिली तीन पानं शालननं ठेवून घेतली होती. भुकटी बंद करायला सांगणारं चौथं तेवढं परत आलं होतं.

सौ.नं ते शेवटपर्यंत वाचलं. माझं लिखाण तिनं पहिल्यांदाच पुरं वाचलं.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली.