आंदर मावळातला खंड्या

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि त्याच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे दुसरं असतं तरी काय? आता लपवून लपवून थकले आहे, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

आम्ही लोणावळ्यात राहतो. लोक विसाव्याला लोणावळ्यात येतात आणि आम्ही विसाव्यासाठी लोणावळ्यातून पळतो. शनिवार-रविवारी इथे कोथिंबिरीची जुडी आणायला बाहेर पडायचीही सोय नसते. त्या हिवाळ्यात कुणीतरी आंदर मावळातल्या एका लाकडी केबिनचं सुचवलं. भाताच्या खाचरांच्या वर एकच खोली, पुढे पडवी, समोर डोंगरच डोंगर. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे कुत्री चालत होती. आमची दोन — चिनी आणि लाडू. लाडू म्हणजे गुबगुबीत लॅब्रेडॉर, अख्ख्या सोसायटीचा लाडका.

केबिन हमीदामावशींची होती. मुलाणी कुटुंब, थोडं भात, थोड्या शेळ्या. घरात मावशी आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणायचे. शिवाय खंड्या, त्यांचा गावठी कुत्रा. तो रोज शेळ्यांबरोबर रानात जायचा आणि त्यांच्या मागोमाग घरी यायचा. कान फाटका, चेहरा असा की सगळ्या रानाचा कारभार याच्याच डोक्यावर.

आम्ही पोचलो तेव्हाच मावशी म्हणाल्या होत्या, "बाई, कुत्री बांधूनच ठिवा. भात निघालंय, करडं मोकळी हायेत रानात."

मी हसले. आमची शिकवलेली आहेत मावशी, मुंगीलाही धक्का लावणार नाहीत, असं काहीतरी म्हटलं. खरं तर मी वडगावची, शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. भात कापून झालं की कुणाचीही जनावरं कुणाच्याही खाचरात चरतात, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? पण चारचौघांत शहाणपण मिरवायची खोड जुनी आहे माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा चिनीला घेऊन गावात चक्कर मारायला गेला. मी लाडूची साखळी सोडली. बिचारा, जरा पळू दे — एवढंच मनात होतं.

तो दिसेनासा झाला. हाका मारत बांधावरून गेले तर — कसं सांगू? करडू पडलेलं होतं. मान लुळी. लाडू शेपूट हलवत माझ्याकडे आला, तोंड रक्तानं माखलेलं. खेळता खेळताच झालं असणार त्याच्याकडून. पण करडाला त्याचं काय?

मी त्याला ओढत केबिनमागच्या नळाशी नेलं आणि त्याचं तोंड धुतलं. ओढणीनं पुसलं. ओढणी बॅगेत तळाशी कोंबली. काम अगदी नीट केलं.

आबा आले तेव्हा खंड्या करडापाशी बसून त्याला चाटत होता. त्याच्या तोंडाला रक्त. झालं — आणखी काय हवं?

आमच्याकडे करडाच्या रक्ताला चटावलेलं कुत्रं गावात ठेवत नाहीत. आज घरचं करडू, उद्या शेजाऱ्याचं. ज्याचं कुत्रं, त्यानंच ते लांब नेऊन सोडायचं. शहरातल्या एखाद्या बाईला हे ठाऊक नसतं. मला होतं.

आबांनी करडू पुरलं. मावशी माझी माफी मागायला आल्या. "दोन दिस इसाव्याला आला तुमी, आन ह्ये असलं बघायची पाळी आली." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हो, फिरवला.

आबा खंड्याला दोरी लावून घाटाच्या वाटेनं निघाले, खाली कोकणात सोडायला. खंड्या दोरी ताणत आनंदानं पुढे चालला होता. मी पडवीत उभी राहून बघत होते. लाडू माझ्या पायाशी झोपला होता.

इथवर मी नुसती भित्री होते. भित्रेपणाशी माणूस कसंबसं जुळवून घेतो. पुढचं तसं नाही — आणि तेच सांगायला मी इतका वेळ लावते आहे.

काही दिवसांनी मावशींचा फोन आला. खंड्या घाट चढून परत आला होता. पंजे सोललेले, अंगाची नुसती हाडं. शेळ्यांच्या गोठ्यासमोर येऊन बसला होता, आणि शेळ्या त्याला बुजत नव्हत्या.

"आबा म्हणत्यात, एकडाव ठिवून बघू. माजं बी मन व्हईना त्याला परत घालवायचं. पर तुमी कुत्र्याची मान्सं, शिकलेली. तुमीच सांगा बाई, ठिवू का?"

करडाचं होऊन गेलं होतं. हे मात्र अजून हातात होतं. खरंही सांगायला नको, नुसतं 'ठेवा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझं डोकं कुठे धावलं, ठाऊक आहे? खंड्या राहिला, वर्षभर शेळ्यांत वावरला आणि त्यानं एकाही करडाला तोंड लावलं नाही, तर? मावशी विचार करतील. त्या सकाळी रानात दुसरं कुणाचं कुत्रं होतं, हे आठवायला त्यांना कितीसा वेळ लागेल?

"नका ठेवू, मावशी," मी म्हटलं. "एकदा चव लागली की सुटत नाही."

त्या म्हणाल्या, "बरं झालं तुमाला इचारलं."

फोन बंद करायला त्यांना कधीच नीट जमायचं नाही. तो चालूच राहिला. आबांनी दोरी मागितली, मग खंड्याला हाक मारली ते मला ऐकू आलं, त्यावर त्याचं ते हुरळून भुंकणं, आणि मग मावशींचं रडू. अजूनही ओरडून सांगता आलं असतं. मी फोन कानाला लावून सगळं ऐकलं, आणि मग तो बंद केला.