माग रुसतो तेव्हा

नववीत मी मराठीत दोन मार्कांनी आपटले. "फेरपरीक्षेतही आपटलीस तर शाळा बंद, घरी बसून कांड्या भर," आईनं बजावलं. सत्तरच्या दशकातलं सोलापूर. आमच्या गल्लीत घरटी हातमाग आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरणं बायकांच्या कपाळी लिहिलेलं. मला ते काम अगदी नको होतं.

नडला तो मेला अलंकार. मास्तरांनी आमच्यावर उपकार म्हणून गल्लीतलंच वाक्य घातलं होतं : 'आज माग रुसला आहे.' अलंकार ओळखा, मार्क दोन. मी लिहिलं, 'यात अलंकार नाही. आमचा कालच रुसला होता.'

खोटं काय त्यात? घरात आम्ही तेलुगू बोलायचो, बाहेर मराठी. वडील मागाशी दोन्हींत बोलायचे. सूत तुटलं की, "काय रं बाबा, पोट दुखतंय काय?" मग त्याला चुचकारायचे.

मास्तरांनी वडिलांना बोलावलं. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं म्हणणं ही चेतनगुणोक्ती, माग खरा रुसत नसतो, असं समजावलं. वडिलांनी टोपी काढून सगळं ऐकलं.

"म्हंजे मी बोलतो म्हणून हिचं चुकतंय व्हय?"

मास्तर खो-खो हसले. अस्सा राग आला मला! सगळ्या अलंकारांच्या व्याख्या पाठ असलेल्या त्या माणसाला सुताची साधी गाठ तरी मारता येत होती का?

वडील मात्र त्या दिवसापासून मागाशी बोलेनासे झाले. आठ दिवस. सूत सारखं तुटायचं, ते ओठ घट्ट मिटून गाठ मारायचे. अर्धी साडी तशीच लटकत राहिली. आई वैतागून म्हणाली, "अहो, बोला की एकदा त्याच्याशी!" त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. मी कोपऱ्यात मोठमोठ्यानं व्याख्या घोकत होते.

फेरपरीक्षेला मास्तरांनी तेच वाक्य पुन्हा घातलं. मी मुकाट्यानं 'चेतनगुणोक्ती' लिहिलं आणि पास झाले.

निकाल घेऊन धावत घरी आले. वडिलांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मग चोरट्यासारखं मागाकडे बघत हळूच विचारलं, "आता बोलू का गं?"

माझी मान खाली गेली. "बोला की," मी म्हणाले.

त्यांनी मागावर हात ठेवला. "ऐकलंस का रं? पोरगी पास झाली आपली."