आहेराची गोधडी

पस्तीस वर्षं मी बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढले. कालव्यांचे, पाटांचे, कधीमधी एखाद्या पुलाचे. रिटायर झालो तेव्हा लोकांनी शाल, नारळ आणि भाषणं दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी घरातल्या वस्तू नीट लावायला घेतल्या. आधी चपला. मग औषधं. मग बायकोच्या स्वयंपाकघरातले डबे मी उंचीप्रमाणे लावले. दोन दिवस फोडणीच्या वेळी ती सवयीने हात लांब करायची आणि मोहरीच्या जागी तिच्या हातात साबुदाणा यायचा.  तिसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली.

पेटीत ब्लाउजपीस होते. गळ्यापर्यंत भरलेले.

आमच्या नात्यागोत्यात लग्न असो, बारसं असो, नाहीतर वास्तू, बायकांच्या ओटीत नारळासोबत ब्लाउजपीस पडतो. तो शिवायचा नसतो. घडी न मोडता पेटीत ठेवायचा आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या कोणाच्या तरी ओटीत घालायचा. पथ्य एकच, की ज्या बाईने दिला तिलाच तो परत जाता कामा नये. म्हणून बायकोने प्रत्येक पीसला टाचणीने एक चिठ्ठी लावून ठेवली होती, कोणी दिला आणि कोणत्या कार्यात दिला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मला दिसल्या त्या गंजलेल्या टाचण्या आणि पिवळे पडलेले कागदाचे कपटे. मी टाचण्या काढून एका डबीत भरल्या, कपटे कचऱ्यात टाकले, आणि कापडं रंगाप्रमाणे लावली. वर सायीसारखे फिके, तळाशी गर्द वांगी. पेटी इतकी देखणी दिसायला लागली की मी बायकोला हाक मारून दाखवली.

ती पलंगाच्या कडेवर बसली.

"चिठ्ठ्या कुठी आहेत?"

"त्या गेल्या. कचऱ्याची गाडी आलती ना आताच."

गाडी गल्लीच्या टोकाशी पोचली होती. तिचं गाणं अजून ऐकू येत होतं. बायकोने ते संपेपर्यंत ऐकलं.

"आता हे मी कोनाले देऊ?" ती म्हणाली. "जिनं देलं तिच्याच वटीत गेलं तं? तोंड दाखवाची सोय राहीन काय?"

मी म्हटलं, चुकून गेलं एखादं तर कोणाच्या लक्षात येणार आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुलाचा नकाशा उलटा काढणाऱ्याकडेही आमच्या साहेबांनी कधी तसं पाहिलं नसेल.

दोन दिवसांनी तिने ती पेटी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. वर सुईदोरा आणि तिच्या दोन जुन्या सुती साड्या. आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी येणार होती.

"लेकीच्या लेकरासाठी गोधडी करा," ती म्हणाली.

"मी?"

"मंग कोन? चिठ्ठ्या कोनं काढल्या?"

मी आधी आलेखाचा कागद काढला. गोधडी पाच फूट बाय चार, प्रत्येक तुकडा चार इंची, एकाआड एक गडद आणि फिका, मधोमध एक कमळ. तीन दिवस नकाशा चालला. बाजूला मी उत्तर दिशेचा बाणही काढला, सवयीने. मग तो कागद भिंतीला चिकटवून मी कापडं कापायला बसलो, पट्टी आणि गुण्या घेऊन.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई परसवाड्याकडची. तिच्या गावात घरोघरी अशा गोधड्या होतात, त्यांना ती कथडी म्हणते. तिने आधी नकाशा बघितला, मग मला बघितलं.

"काका, ये कथडी है कि नहर?"

मी तिला कमळ समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या हातातली सुई काढून घेतली. चौकोन जोडत बसायचं नाही, म्हणाली. आधी खाली साडी पसरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर तुकडे जसे येतील तसे मांडायचे, मग काठापासून टाके घालत गोल गोल आत यायचं. टाका सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे. "और कपडा जितना है उतना रहने दो. काटने से छोटाच होता है." हे शेवटचं वाक्य मला फार पटलं. आमच्या कचेरीत इतकं सरळ कोणी बोललं असतं तर निम्मे कालवे वेळेत झाले असते.

नकाशा उतरवला. मी बैठकीत जमिनीवर बसून टाके घालू लागलो. पहिल्या आठवड्यात कापडापेक्षा बोटालाच जास्त टाके पडले. दुसऱ्या आठवड्यात चष्म्याचा नंबर वाढला. शेजारी भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात. ते रोज फाटकावर हात ठेवून विचारायचे, "भैया, दुकान कब खोल रहे हो?" आणि स्वतःच हसायचे. एक दिवस ते न हसता आत आले, काखेत पिशवी. दार ओढून घेतलं आणि पिशवीतून पँट काढली.

"ज़रा इसका हुक लगा दोगे? घर में मत बताना."

मी लावून दिला. त्यानंतर त्यांनी दुकानाचं नाव काढलं नाही.

अडीच महिन्यांनी गोधडी झाली. खालचा उजवा कोपरा दोन बोटं वर गेला होता, पण बाकी बरी होती. फार बरी होती. बायको तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "झाली बाप्पा," आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला. तेवढ्यात मुलगी आली, मग नातही आली, आणि बारशाचा दिवस ठरला.

बारशाला माझी आत्याबाई कटंगीकडच्या खेड्यातून सकाळच्या बसने आली. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, आवाज शेतातून घरी पोचेल असा. तुमसरहून माझ्या बायकोची मोठी बहीण आली. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. गोंदियाहून मुलीच्या सासरची मंडळी यायची होती. मी मोठ्या हौसेने गोधडी बैठकीतल्या तख्तावर अंथरली आणि वडीलधारी म्हणून आत्याबाईला तिच्यावर बसवलं.

ती बसली. पाणी प्यायली. तिचा हात गोधडीवर फिरायला लागला आणि एका जागी थांबला. तिथे हळदी रंगाचा एक तुकडा होता, त्यावर निळे मोर. छापताना चूक होऊन त्यातल्या एका मोराचं डोकंच आलं नव्हतं. पिसारा होता, पाय होते, मान अर्ध्यातून नाहीशी.

"हा बिनमुंडक्याचा मोर माहा आहे," आत्याबाई म्हणाली. "सूनबाई, हा मी तुह्या वास्तूले देलता."

माझी बायको हातात पोह्यांच्या बशा घेऊन येत होती. ती दारातच थांबली. पण ताई समोरच खुर्चीत बसली होती, आणि तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, हा तं मी तुमाले देलता. तुमच्या नातवाच्या लग्नात. मुंडकं नव्हतं म्हनून तं…"

आणि तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"म्हनून तं काय?" आत्याबाईने चष्मा वर केला. "मुंडकं नाई हे तुले मालूम होतं?"

"तुमाले नवतं मालूम?"

"मले मालूम होतं. म्हनून तं मी हिले देला." तिने माझ्या बायकोकडे बोट केलं. मग पुन्हा ताईकडे वळली. "आन तुले कोनं देला?"

 ताईने फक्त बहिणीकडे पाहिलं. बायकोने बशा खाली ठेवल्या.

"मीनंच देलता," ती हळूच म्हणाली. "ताईच्या पोरीच्या लग्नात."

"आन तुले?"

बायको पदराशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमीच, आत्याबाई. आमच्या लग्नात."

 मी मनातल्या मनात नकाशा काढून पाहिला. कटंगीकडून बालाघाट, बालाघाटहून तुमसर, तुमसरहून परत कटंगीकडे आणि तिथून पुन्हा बालाघाट. आमच्या लग्नापासून तो मोर दोन राज्यांतून फिरत होता आणि कोणी त्याची घडी मोडली नव्हती. आतल्या खोलीतून मुलीचं हसू ऐकू आलं. ती बाळाला घेऊन पडद्याआड उभी होती आणि तिला ते आवरत नव्हतं.

मला वाटलं, आत्याबाई आता उठणार, पिशवी उचलणार आणि दुपारची बस धरणार. ती उठली नाही. बिनमुंडक्याच्या मोराकडे बघत ती म्हणाली, "इतकी वर्सं बिचारा चांगला फिरून राह्यलाता. तुमी त्याले काहून खिळून टाकलं?"

मग तिने गोधडी उलटी करून टाके पाहिले.

"शिवली कोनं?"

"ह्यायनं," बायको म्हणाली. मला पाठीशी घालायची तिला कधीच गरज वाटत नाही.

"तू शिवली, पोट्ट्या?" मी एकसष्ट वर्षांचा आहे. "मंग हा कोपरा असा काहून? कुत्र्यानं ओढला काय? कैची आन."

मी कात्री आणली. तिने बघता बघता तो अख्खा कोपरा उसवला. माझे आठ दिवसांचे टाके तख्ताखाली पडले. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि गोंदियाची मंडळी आली.

पाळणा सजला होता. बाळाच्या कानात नाव सांगायला तिची आत्या, म्हणजे मुलीची नणंद, नवी साडी नेसून आली होती. पण पहिला झोका घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने द्यायचा, म्हणजे आत्याबाईने, आणि आत्याबाईच्या तोंडात दोरा होता.

"थांबा जराक," ती म्हणाली. "कोपरा होऊ द्या."

व्याही घड्याळाकडे बघून कसनुसं हसले. मी त्यांना पोह्यांची दुसरी बशी दिली, मग तिसरी. विहीणबाई मात्र तख्ताजवळ गेल्या. आत्याबाईला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो त्यांनी ओवून दिला आणि शेजारीच बसल्या. बसल्या तशा त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हा तं आमचा आहे," त्या म्हणाल्या. मोरपंखी रंगाचा, जरीचे ठिपके असलेला एक तुकडा होता. "साखरपुड्यात वटी भरलीती न आमी, तवाचा."

माझ्या बायकोचा चेहरा मी आयुष्यात दोनदाच तसा पाहिला आहे. पहिल्यांदा कचऱ्याची गाडी गेली तेव्हा.

विहीणबाईंनी त्या तुकड्यावर तळहात ठेवला. "बरं झालं माय," त्या म्हणाल्या. "मले वाटे, तुमी कोनाले देऊन टाकला असन. तुमी तं लेकरासाठी ठेवला."

"हौ," बायको म्हणाली. "ठेवला मंग." आणि तिने पहिल्यांदा माझ्याकडे जरा बऱ्या नजरेने पाहिलं.

झालं, मग सगळ्यांनाच आपापलं कापड शोधायचं होतं. नणंदेने नव्या साडीसकट गुडघे टेकले. ताई गोधडीच्या चारही बाजूंनी फिरली. मोर तिचा म्हणता येत नव्हता, कारण तो सगळ्यांचाच निघाला होता.

"जवाईबापू, माहा एकबी नाई लावला?" ती मला म्हणाली. तिचा आवाज खरंच दुखावलेला होता.

कोणतं कापड कोणाचं हे सांगणारा आता जगात एकही कागद शिल्लक नव्हता. मी मधला वांगी रंगाचा सर्वात मोठा तुकडा दाखवला. "हा तुमचा, ताई. म्हनून तं मधात घेतला."

तिने तो निरखून पाहिला. "हौ, हाच," ती म्हणाली. "भारीतला होता हा."

कोपरा होईपर्यंत पाऊण तास गेला. पाळण्यात बाळ झोपून गेलं, व्याही खुर्चीत झोपले. मग आत्याबाईने दोरा दातांनी तोडला, कोपरा तळहाताने दाबून पाहिला, आणि उठून पहिला झोका दिला. नणंदेने नाव सांगितलं. बाळाने डोळे उघडले नाहीत.

संध्याकाळी मी आत्याबाईला बसवर सोडायला निघालो, तर ती म्हणाली, "उरलेले तीन कोपरे कोन करन?" आणि राहिली. अकरा दिवस राहिली. रोज सकाळी मला समोर बसवायची. मी घातलेला टाका तिला पटला तर काही बोलायची नाही, नाही पटला तर कात्री मागायची. चौथ्या दिवशी धुण्याभांड्याची बाईही काम आटोपून आमच्यात बसली, आणि त्या दोघींनी मिळून माझ्या आलेखाच्या कागदाची इतकी टर उडवली की तो मी स्वतःच घडी करून पेटीच्या तळाशी घातला. सातव्या दिवशी आत्याबाईने माझ्या टाक्यांचा एक पूर्ण फेरा न उसवता राहू दिला. मी बायकोला बोलावून तो दाखवला. तिने कौतुकाने पाहिला, निदान तसं दाखवलं.

बाराव्या दिवशी बसस्टँडवर आत्याबाई खिडकीत बसली. बस सुरू व्हायच्या आधी तिने पिशवीतून एक ब्लाउजपीस काढून बायकोच्या हातात दिला. कोरा, डाळिंबी रंगाचा, बालाघाटच्याच बाजारातून दोघींनी आदल्या दिवशी आणलेला. बायकोला वाटलं होतं, तो आत्याबाईच्या सुनेसाठी आहे.

"हा शिव आन घाल," खिडकीतून ती ओरडली. "फिरवजो नको!"

बायकोने तो खरंच शिवायला टाकला. आमच्या लग्नापासून आहेरातला पीस शिवून अंगात घालायची तिची ही पहिलीच वेळ. टेलरने तो काखेत थोडा घट्ट केला आहे, पण ती ते कबूल करत नाही. हात वर करायची वेळ आली की मला बोलावते. काल वरच्या फळीवरचा साबुदाणा मीच काढून दिला.