वाचून दाखवायचा नियम

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांवर माझा राग होता, आणि तो अजून उतरलेला नाही. ऐंशीच्या दशकात चंद्रपुरात कोळसा खाणीच्या वस्तीमागं आमचं प्रार्थनाघर होतं. येणारे सगळे खाणीतले कारकून, नर्सबाया, मास्तर. शिकलेले आणि त्याचा तोरा मिरवणारे. पाळकांनी नियम काढला होता: बाप्तिस्मा हवा असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून शास्त्रातला एक उतारा स्वतः वाचून दाखवायचा. मिशनच्या फुकट दुधाच्या पावडरीसाठी लोक ख्रिस्ती होतात असं कुणी म्हणू नये, म्हणे.

या नियमात एक बाई अडकली होती. मूळची ब्रह्मपुरीकडची, पन्नाशीची, दवाखान्यात झाडलोट करायची. तिथल्या एका म्हाताऱ्या नर्सनं तिला वर्षानुवर्षं शास्त्र वाचून दाखवलं होतं आणि बाईला स्तोत्रंच्या स्तोत्रं पाठ होती. ती प्रार्थना करायला लागली की आमच्या कारकुनांची बोलती बंद व्हायची. पण बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजन नाही. भाकर आणि द्राक्षरस वाटला जायचा तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसून राहायची. अशी आठ वर्षं.

“मरायच्या आंधी एकडाव त्या पंगतीत बसाचं हाये मले,” ती मला म्हणाली होती.

मी तेव्हा बी.एड. होऊन घरी बसले होते, म्हणून प्रौढ साक्षरतेचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. दर बुधवारी, भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली. मी काही प्रेमळ शिक्षिका नव्हते. ती थकून यायची, पाटी मांडीवर घेऊनच डुलक्या काढायची आणि मी खेकसायचे, “मागच्या बुधवारचं एवढ्यात कसं विसरता, मावशी?”

“तुमी एक हप्ता वॉर्डाची फरशी पुसून पाहा बाई, मंग सांगा,” ती म्हणायची. तिचाही माझ्यावर जीव नव्हता.

सहा महिन्यांत ती स्वतःचं नाव लिहू लागली, एस.टी.वरची पाटी वाचू लागली. पण वाचून दाखवायचं स्तोत्र काही जमेना. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. तेवढ्यात मला अहेरीच्या शाळेतून नोकरीचं बोलावणं आलं आणि मला हा वर्ग कसाबसा उरकायचा होता. मीच तिला सांगितलं, “तुम्हाला पाठ आहे ना? मग ओळीवरून बोट फिरवा आणि म्हणा. कोण बघतंय?”

“हे लबाडी नाई का होत?” तिनं विचारलं.

“नाही होत,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ती समोर उभी राहिली. आवाज खणखणीत होता, बोट ओळीवरून सरकत होतं. दुसऱ्याच ओळीला लोकांनी माना वर केल्या. महिन्याभरापूर्वीच मंडळीनं शास्त्राची नवी, सुधारलेली आवृत्ती आणली होती. अर्थ तोच, पण कितीतरी शब्द बदललेले. नर्सचं पुस्तक जुनं, मी शिकवायला घेतलेलं वडलांचं पुस्तकही जुनंच. मला हे सुचलंच नव्हतं. सगळे नव्या पुस्तकात बघत होते, तिच्या हातात दिलेलंही नवंच होतं, आणि ती जुन्यातलं, एकही शब्द न चुकता, म्हणत होती.

पाळक उठले. “थांबा बाई. बोट ठेवलंय तो एवढा एक शब्द वाचा.”

ती शब्दाकडे बघत राहिली. मागे कुणीतरी हसलं.

“हे नाटक कुणी शिकवलं?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“कोणं नाई शिकवलं. माह्यंच डोकं होय,” ती म्हणाली.

देवासमोर लबाडी करणाऱ्याला या मंडळीत बाप्तिस्मा मिळणार नाही, यंदाही नाही आणि पुढंही नाही, असं पाळकांनी सगळ्यांदेखत सांगितलं. तिनं पुस्तक मिटलं. “येशूनं मासे धरणाऱ्याइले चेले कराच्या आंधी वाचाले लावलं होतं का, साहेब?” एवढं विचारून ती सरळ दाराबाहेर गेली. तिला थांबवायला कुणी उठलं नाही. मीही नाही. नंतर ती कधी आली नाही.

त्याच सभेत पुढं प्रभुभोजन होतं. ज्याच्या मनात पाप असेल त्यानं ते आधी कबूल करावं, नाहीतर भाकरीला हात लावू नये, असं पाळकांनी दर वेळेसारखं बजावलं. मी उठले, रांगेत उभी राहिले आणि भाकर खाल्ली.