पाऊण तासाचं अंतर

हिंजवडीपलीकडच्या नेरे गावातल्या त्या रिक्षावाल्याला कुठलंही अंतर विचारा, तो किलोमीटर सांगत नाही. आधी विचारतो, "किती वाजता?" मग हँडलवर बोटं वाजवत हिशेब करतो. सर्व्हेच्या कामासाठी मी वर्षभर त्याच्याच रिक्षातून फिरलो, पण त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

वेगवान रेल्वेचं स्टेशन शहरात नको, नेऱ्याच्या माळावर चालेल, असा आमचा अहवाल. परवा त्याला मंजुरी देणारे साहेब जागा बघायला आले. परतताना जीप बंद पडली आणि त्यांची साडेसातची गाडी पुणे स्टेशनवरून होती. संध्याकाळी साडेपाचला आम्ही याच्या रिक्षात बसलो.

पावणेसात झाले तरी आम्ही हिंजवडीच्या चौकातच. पुढे बस, मागे डंपर. साहेब दर मिनिटाला घड्याळ बघत होते. अहवालाची सही व्हायची फाईल त्यांच्या मांडीवर होती, पेन हातात.

"यात पुणे स्टेशन पाऊण तास लिहिलंय ना?" ते माझ्यावर खेकसले.

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. हँडलवर वाजणारी बोटं थांबली. मागे वळून तो साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला.

"सायेब," तो शांतपणे साहेबांना म्हणाला, "किती वाजता मोजलं, त्ये लिवलंय का त्यात?"

साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "किती वाजता मोजलं?"

रविवारी, पहाटे पाचला. रस्ता मोकळा मिळावा म्हणून वेळ मीच निवडली होती. आणि त्या पहाटेही रिक्षा याचीच होती.