पडद्यावरच्या शेळ्या

परवा नव्या पडद्यांचं पार्सल उघडलं, छापाच्या रंगाचा उग्र वास नाकात शिरला आणि ईट गावच्या शाळेतला नववीचा चित्रकलेचा तास आठवला. सरांनी पुण्याहून पडद्याच्या कापडाचा एक तुकडा आणला होता. पांढऱ्या सुती कापडावर नुसत्या लाल रंगातली चित्रं होती, झाडाखाली झालरीचा झगा घालून निवांत बसलेली मेंढपाळीण आणि तिच्या पायाशी गुबगुबीत मेंढ्या. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून असं कापड छापायचे, सर सांगत होते. "हेच बघून काढा, चांगली चित्रं भूमला तालुक्याच्या प्रदर्शनाला पाठवू." मी कापडावरच्या त्या बाईकडं बघत राहिले. आमच्या शेळ्या आई राखायची आणि तिला दिवसभर बूड टेकायला फुरसत नसे. मी आईच काढली, ओचा खोचून लांब आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडणारी, भोवती शेळ्या. सर म्हणाले, "अगं, असलं पडद्यावर कोण लावंल? खोड ते." खोडरबरही त्यांनीच पुढं केलं. मी ते बाजूला सरकवलं, दप्तरातलं लाल पेन काढलं आणि पेन्सिलीची रेघ न रेघ गिरवली. "मग हे प्रदर्शनाला जाणार न्हाय." "नका पाठवू, सर, पण मी खोडणार न्हाय." चित्र गेलं नाही. तेच आता मी कापडावर छापून घेतलंय, पांढऱ्यावर लाल. पुढच्या खोलीत पडदा लावला, तेव्हा आईनं जवळ जाऊन निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या सात शेळ्या व्हत्या, तू पाचच काढल्यास." ही चूक मात्र मी मुकाट्यानं कबूल केली.