पाचव्या नंबरचा गोलकीपर

"कुलदैवत कुठलं?"

साहेबांनी हे मराठीत विचारलं. हार्बरफ्रंटच्या त्यांच्या ऑफिसात, भर मीटिंगमध्ये. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर पाच नावं लिहिली होती. सिंगापुरातल्या कॉलेज लीगचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू त्यांतून निवडायचा होता. पहिलं नाव माझं होतं.

त्या वर्षी ब्राझीलला वर्ल्डकप होता. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आमच्या कॉलेजचा गोलकीपर. यादी सगळ्या कोचांनी मिळून केली होती आणि आमचा कोच त्यांचा म्होरक्या. चिनी माणूस, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. गोल मारलेले सगळ्यांच्या लक्षात राहतात, अडवलेले कुणाच्याच राहत नाहीत. याने ते हंगामभर वहीत मांडून ठेवले होते आणि मला वर ठेवलं होतं.

बक्षीस साहेबांच्या जहाज कंपनीचं, म्हणून शेवटचा शब्दही साहेबांचा. पहिल्या नंबराला ट्रॉफी आणि कंपनीत नोकरी. ट्रॉफीचं मला फारसं नव्हतं. नोकरी मिळाली नाही तर स्टुडंट पास संपताच गाशा गुंडाळावा लागणार होता. बाप अकोल्याला महापालिकेत झाडू मारायचा. त्याने विहारात उभं राहून सांगून टाकलं होतं, पोरगा सिंगापुरात पहिला आला.

प्रत्येक उमेदवाराला दोन प्रश्न विचारायचे, असा रिवाज होता. चौघांना साहेबांनी इंग्रजीत विचारले. आवडता खेळाडू कोण, पाच वर्षांनी कुठे असशील. माझी पाळी आली आणि ते एकदम मराठीवर आले. "अरे, तू तर आपला निघालास!" मी हरखलो. परक्या मुलखात असं कुणी म्हटलं की माणूस विरघळतोच.

माझं आडनाव दोन्हीकडे सापडणारं, वरच्या जातींतही आणि आमच्यातही. तेवढ्यावर त्यांचं भागेना. म्हणून गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या अंगाला. मग कुलदैवत.

"जेजुरी की तुळजापूर?"

"आम्ही बौद्ध, सर."

"अच्छा." खुर्ची जराशी मागे सरकली. "वडील काय करतात?"

"महापालिकेत आहेत."

"म्हणजे झाडूच ना?"

मी हो म्हणालो. मग साहेब हसले. तोंडभर, सगळ्यांना दिसेल असे. आणि त्याच हसऱ्या तोंडाने म्हणाले, "तरीच. समोर येईल ते झाडून बाहेर टाकायचं. रक्तातच आहे तुमच्या. मला वाटलं, गोलपोस्टातही आरक्षण मिळालं की काय!"

साहेब हसले म्हणून कोच हसला. कोच हसला म्हणून ते चौघे हसले. कोचने मला विचारलं, "व्हॉट ही से?"

"ही से गुड कीपर, कोच."

आणि मीही हसलो.

साहेब काय बोलले ते मी पुढे खूप जणांना सांगितलं. मी हसलो, ते मात्र कित्येक दिवस गिळून टाकलं. त्या खोलीत मराठी कळणारे दोघेच होतो. एक मारणारा, एक मार खाणारा. मार खाणाऱ्याने उठून मारणाऱ्याचे हात धुऊन दिले. माझ्या बापाला शिवी दिली गेली आणि मी तिची शाबासकी करून कोचच्या हातात ठेवली. त्या दिवसाइतकी स्वतःची किळस मला कधी आली नाही.

आठवड्याने यादी बदलून आली. मी पाचवा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, स्वभाव जुळणारा नाही. कोचला विचारलं तर त्याने खांदे उडवले. "स्पॉन्सर से सो. व्हॉट टू डू?" त्याची वही तशीच त्याच्या बगलेत होती.

बक्षीस समारंभात नावं पाचव्यापासून पहिल्यापर्यंत पुकारायची पद्धत होती. म्हणजे स्टेजवर सर्वांत आधी मीच. सभागृह भरलेलं. साहेबांनी माझा हात हातात घेतला, पाठीवर थाप मारली, कॅमेऱ्याकडे बघत हसले आणि मला हळूच म्हणाले, "नाराज होऊ नकोस. तुमच्या लोकांना या स्टेजवर चढू दिलं, हेच काय कमी आहे? नोकरीचंही बघू. त्या दिवशी हसलास ना, तसं हसत राहायचं."

टाळ्या चालू होत्या. मला हवी होती ती नोकरी माझ्या हातात होती. फक्त हसायचं होतं. पहिल्या रांगेतून कोचने सवयीने आवाज दिला, "व्हॉट ही से?"

मी माईक ओढला. आधी त्यांचं वाक्य मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत. आत्ताचं सांगितलं. मग ऑफिसातलं. झाडूचं, रक्ताचं, आरक्षणाचं. एक शब्द गाळला नाही, एक पदरचा घातला नाही. त्या दिवशी मी कोचला खोटं सांगितलं होतं, हेही सांगितलं.

टाळ्या थांबल्या. साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं त्यांना सुचेना. "अरे, चेष्टा होती," ते मराठीत पुटपुटले. "घरातली गोष्ट अशी चारचौघांत काढतात का?"

"कुणाच्या घरातली, सर?" मी माईकवरच विचारलं. आणि तेही इंग्रजीत सांगितलं.

कुणी उठलं नाही. सिनेमात उठतात. कोच मला खाली खेचत म्हणाला, "आय्या, युवर इंडियन थिंग लाह. व्हाय मेक ट्रबल?" पहिल्या आलेल्या पोराने माझ्याकडे न बघता ट्रॉफी घेतली. नंतर यादी छापून आली तेव्हा तिच्यात चारच नावं होती. पास संपला आणि मी अकोल्याला परतलो.

बापाला सगळं सांगितलं. मी हसलो तेसुद्धा. त्याने बिडी विझवली. एवढंच विचारलं, "तू हसला कायले?"

त्या प्रश्नापायी आता मी हसत नाही. मीटिंग असो, लग्नाची पंगत असो, कुणी असं काही बोललं की खोलीत जी भाषा चालते त्या भाषेत मी ते उभा राहून सांगतो. जसंच्या तसं, नाव घेऊन. दोन नोकऱ्या त्यापायी गेल्या, तिसरीही जाईल. मला मराठीत शिवी द्यायची आहे ना, खुशाल द्या. पण ती सगळ्या सभेला ऐकू जाणार आहे, हे धरून द्या.